बंद पंपातलं पाणी

कारवारच्या जेटीवरून पंप परत आला,
गोणपाटात, सुतळीनं आवळून.
सोबत मालकाची चिठ्ठी:
आठ महिने. फक्त आठ.
तुम्ही तर स्टेनलेस म्हणाला होता.

उद्यमबागेत सकाळी साडेआठला
इंपेलर माझ्या टेबलावर.
वरून चकाचक.
पातं उजेडाकडे धरलं
तर समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं,
एका भोकातून बुधवार,
दुसऱ्यातून अमावस्या.

भरमाण्णा भट्टीवरून आला, टॉवेलला हात पुसत.
चुंबक लावलं. धरल्यासारखं झालं, सुटलं.
ओतीव मालात एवढं चालतं.
"माल तर खरा हाय की, अक्का."
माल खराच होता.
स्पेक्ट्रोनं ठिणगी पाडून आकडे दिले:
क्रोमियम अठरा, निकेल आठ,
मॉलिब्डेनम नावालाही नाही.

साच्यावरचा बसलिंग याला तुक्कू म्हणतो,
भरमाण्णा गंज,
मी रिपोर्टात लिहिते पिटिंग.
भोक तिघांनाही आरपार दिसतं.

लोकांना वाटतं, स्टेनलेस गंजतच नाही.
अहो, त्यातलं क्रोमियम सगळ्यांच्या आधी गंजतं.
इतकं पातळ, इतकं घट्ट विणून
की मागच्यांवर पाळीच येत नाही.
खरचटलं तर पुन्हा विणून घेतं
पाण्यातल्या चिमूटभर हवेवर.
हवा लागतेच मात्र.
आणि मिठाचं त्याला वावडं.

मी जेटीवर फोन लावला.
उमाकांत हरिकंत्र, पंपावरचा माणूस:
"चालू असतो तेव्हा काही नाही, मॅडम.
जून-जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या.
पंपही बंद."
"आतलं पाणी काढलं होतं?"
फोनमध्ये थोडा वेळ
नुसता समुद्र ऐकू आला.
"नाही."

म्हणजे दोन महिने तेच पाणी.
पात्यांना कालवं धरलेली,
एकेका शिंपल्याखाली अंधार, मीठ,
आणि श्वासाला काही नाही.
वाहता समुद्र सहा महिने सोसला त्यानं.
थांबलेल्यानं खाल्लं.

मग निवड.
तीनशे सोळा: दोन टक्के मॉलिब्डेनम,
बरं आहे, पण साचल्या खाऱ्या पाण्यात
तेही हेच करणार, थोडं उशिरा.
डुप्लेक्स चांगलं. पण आमच्या भट्टीला झेपेल?
निवताना जरा रेंगाळलं
की काचेसारखं तडकतं.
टायटॅनियमचं नाव काढलं
तर हिशेबातले देमट्टी नुसते हसले.
राहिलं ॲल्युमिनियम ब्राँझ,
तांब्यात निकेल, लोखंड, ॲल्युमिनियम.
दर जवळजवळ दुप्पट.

"बोल्ट तरी साधे घालूया की,
कोण बघूलाय आत?"
"पाणी बघतं, देमट्टी."
ते चष्मा पुसत राहिले.
मग दर खोडून नवा लिहिला
आणि बोल्टसुद्धा त्याच घरातले.

भरमाण्णाला या रसाची सवय आहे.
दुधावर यावी तशी साय धरते.
ढवळलं, उंचावरून ओतलं
की साय आत जाते आणि काम वाया.
म्हणून त्या दिवशी शेडमध्ये कुणी बोललं नाही.
खालून, हळू, साचा भरत गेला
एखाद्या आजाऱ्याला पाणी पाजावं तसा.
बसलिंग वर येणारा रस पाहत उभा,
तोंडातलं पान चावायचं थांबवून.

तिसऱ्या दिवशी फोडला. पिवळा, धड.
मी टकटक करून ऐकला, उगीच.

आता एक पट्टी लावायची पंपावर.
बसलिंगनं कन्नडमध्ये लिहून दिलं,
खाली मी देवनागरीत,
हरिकंत्राला दोन्ही येतं, पण
पुढचा माणूस कोण असेल कुणास ठाऊक:
बंद करताना पाणी काढा.
गोड्या पाण्यानं धुवा.

"आणि पट्टी कशाची, अक्का?"
भरमाण्णानं विचारलं.
खरंच की.
हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.
लाडलच्या तळाशी थोडं निवलेलं उरलं होतं,
तेच उचलून त्यानं पुन्हा भट्टीत टाकलं.